निचरा : अपुरा

मंद्रूपच्या पुढं, सीनेकडं उतरताना
डाव्या हाताला जे रान सगळ्यांत शेवटी वाफशाला येतं
ते नीलव्वा म्हेत्रेचं.
शेजारी पाळी घालून मोकळे होतात,
तिफणी धुऊन भिंतीला टेकवतात,
आणि ही बांधावर उभी, टाच रुतवून बघते.
अजून न्हाई.
अजून चार दिवस तरी न्हाई.

मी फॉर्म घेऊन आलो होतो.
एक माणूस उभा मावेल असा खड्डा,
त्याची एक भिंत सुरीनं खरवडून ताजी करायची
आणि वरून खाली वाचत जायचं.

पहिली वीत पोयट्याची.
भुरकी, रवाळ, चिमटीत सुटणारी,
गांडुळांची बिळं, हरळीची पांढरी मुळं.
इतकी देखणी
की इथंच 'उत्तम' लिहून जेवायला जावं.

दुसऱ्या वितीला सुरी जड होते.
करड्यात तांबूस ठिपके,
कुठल्या तरी जुन्या ज्वारीच्या मुळांभोवती
गंजाच्या बारीक नळ्या.
मूळ केव्हाच कुजून गेलं;
हवा जिथवर पोचली होती
तिथवरची ही खूण.

तिसरीत सुरी जातच नाही, चिकटते.
राखी-निळी चिकण, साबणाच्या वडीसारखी चकाकणारी,
वास झाकून ठेवलेल्या रांजणाचा.
तिच्यावर पाणी येऊन बसलेलं,
ज्याला उठा म्हणता येत नाही
अशा पाहुण्यासारखं.
मुळं इथवर उतरतात
आणि मुकाट आडवी वळतात.

वीस दिवस पाऊस नव्हता.
तरी सकाळी खड्ड्यात घोटाभर पाणी,
बाजूच्या भिंतीतून पाझरलेलं,
आणि त्यात एक बेडूक,
सातबारा त्याच्याच नावावर असल्यासारखा.

"पितंय माझं रान," नीलव्वा म्हणाली,
"पचवत न्हाई."

एवढं नेमकं वाक्य मावेल असा रकाना फॉर्मवर नाही.
रकाना आहे 'निचरा', त्यापुढं मी लिहिलं, अपुरा.
खाली शिफारस : उताराच्या दिशेनं चर काढावेत.
तूर घेऊ नये.
हे वाचून दाखवल्यावर ती हसली.
तूर तिनं तीनदा घेऊन पाहिली होती,
तिन्ही वेळा पिवळी पडून झोपली.
"शिकवती की ओ माती.
फी तेवढी जास्त घेती."

पोत बघायला मी त्या चिकणीची वळी केली,
वाकवून बांगडी केली.
तडा गेला नाही.
तसं लिहीत होतो, तोवर
तिनं ती माझ्या हातातून घेतली, मोडली,
दोन तळव्यांमध्ये एकदा फिरवली.
चरांना मीटरमागं किती पडतील, विचारत होती,
खालचा वाण्याचा पोरगा
त्याच्या बांधातून पाणी काढू देईल का, विचारत होती,
आणि अंगठ्यानं वशिंड वर येत होतं,
चिमटीत दोन शिंगं,
मग पाय, एकेक.

"मण्णेत्तीच्या अमावस्येला
सगळी पोरं हितंच येत्यात, माती न्यायला.
दुसऱ्याच्या रानातली घेतली
तर बैल वाळला की शिंग पडतं."
बैल तिनं फॉर्मवर ठेवला, वारा होता म्हणून.
चार ओले खूर उमटले,
एक बरोबर 'अपुरा'वर.

मी फॉर्म बदलला नाही.
नमुन्याच्या पिशव्या बांधल्या, खड्डा बुजवला.
बुजवताना तिनं दटावलं :
खालची खाली, वरची वर,
कालवाकालव करू नका.

बैल शर्टाच्या खिशात घेऊन
सोलापूरच्या स्टँडवर उतरलो.
हवा लागून तो शिंगांपासून, खुरांपासून
विटकरी होत चालला होता.
बोटानं जरा खरवडलं,
पोटात अजून
निळाच.